शेणखत टाकूनही कर्ब का वाढत नाही?

प्रश्न : आमची दहा एकर काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत हरभरा. चार वर्षांपूर्वी माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब 0.46 टक्के निघाला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एकरी दोन ट्रॉली शेणखत टाकतोय. यंदा तपासलं तर कर्ब 0.43! खत घालून कर्ब कमी होतो का, की तपासणीवाले नुसते कागद रंगवतात?
(लातूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : तपासणीवाल्यांवर राग काढण्याआधी थोडा हिशोब मांडू या. एक एकर रानातली वरची 15 सेंटीमीटर माती वजनाने साधारण 900 टन भरते. त्यात 0.46 टक्के कर्ब म्हणजे जेमतेम 4 टन. आता तुमच्या दोन ट्रॉल्या. चांगल्या भरल्या तर चार-पाच टन. त्यातलं निम्मं पाणी. उरलेल्यातून उकिरड्याबरोबर आलेली माती, राख आणि गोठ्यातली खडी वजा केली की खरा कर्ब हाती लागतो सहाशे-सातशे किलो. तो जमिनीत पडला रे पडला की जिवाणू आणि बुरशी त्याच्यावर तुटून पडतात आणि वर्षभरात त्याचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. आपल्या हवेत पाव हिस्सा टिकला असं धरू, म्हणजे दीडशे किलो. पण जमिनीत आधीपासून असलेल्या 4 टनांमधूनही दरवर्षी दोन-अडीच टक्के, म्हणजे ऐंशी-शंभर किलो कर्ब कुजून जातच असतो. वजाबाकी केली तर हातात पन्नास ते सत्तर किलो. 900 टनांत सत्तर किलो म्हणजे 0.008 टक्के. चार वर्षांत 0.03.

हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या रानात ते थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यांचा जीव एवढाच आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं असतं तर 0.46 चे 0.49 व्हायला हवे होते. कागदावर आले 0.43. हा सहा शतांशांचा फरक रानात पडलाच असेल असं नाही. तो बहुतेक खुरपं कुठे मारलं यावर ठरलाय. एकाच वावरात दहा पावलांवर कर्ब यापेक्षा जास्त बदलतो. जिथे ट्रॉली उपडी केली ती जागा, बांधाकडेची पट्टी, पाणी साचणारा खोलगट भाग, झाडाखालची सावली, या सगळ्यांचे आकडे वेगळे. नमुना आधी 15 सेंटीमीटरचा घेतला होता आणि आता 22 सेंटीमीटरचा घेतला, तर खालची कमी कर्बाची माती मिसळून आकडा आपोआप उतरतो.

प्रयोगशाळेचाही यात थोडा हात असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कर्ब वॉकली आणि ब्लॅक यांच्या 1934 सालच्या पद्धतीने काढतात : मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि किती डायक्रोमेट खर्ची पडलं ते मोजायचं. स्वस्त आणि सोपी पद्धत आहे. पण तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी 77 टक्के जळतो. म्हणून काही प्रयोगशाळा आलेल्या आकड्याला 1.3 ने गुणतात, काही गुणत नाहीत. एकीकडचा 0.45 दुसरीकडे 0.58 होतो तो असा. मागच्या वेळी एका ठिकाणी आणि यंदा दुसऱ्या ठिकाणी तपासणी केली असेल तर त्या दोन कागदांची तुलनाच करू नका. आणखी एक. काळ्या जमिनीत चुनखडी असते, तिच्यातही कार्बन असतो, पण तो दगडी कार्बन. वॉकली-ब्लॅक त्याला हात लावत नाही. एखाद्या भारी यंत्रावर 'एकूण कार्बन' मोजून आणला आणि तो दीड टक्का निघाला, तर गावभर पेढे वाटू नका.

तुमचा पहिला कागद सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेचा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ही योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथे सुरू झाली. तिच्या पहिल्या फेऱ्यांत जिरायतीला 10 हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना आणि बागायतीला अडीच हेक्टरांतून एक, असा हिशोब होता. त्या चौकटीतल्या सगळ्यांना तोच आकडा मिळाला. म्हणजे तुमचा 0.46 कदाचित शेजाऱ्याच्या वावराचा असेल.

मग शेणखत वाया गेलं का? अजिबात नाही. जो कर्ब 'जळाला' तो फुकट जळाला नाही. तो कुजताना त्यातला नत्र पिकाला मिळाला. जमिनीत मुरलेला शंभर किलो कर्ब कुजला की आठ-दहा किलो नत्र मोकळा होतो. कर्ब नुसता साठवून ठेवायची वस्तू नव्हे, तो फिरता राहिला पाहिजे. आपली चूक होते ती वेगळीच : आवक वाढवायला आपण धावतो आणि गळतीकडे बघतही नाही. तूर काढली की तुरखाट्या चुलीत, सोयाबीनचं भुसकट बांधावर पेटवून दिलेलं, मग भर उन्हात नांगरट, वर रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या. मातीच्या कणांच्या आत जो कर्ब जिवाणूंपासून दडून बसलेला असतो, तो रोटाव्हेटर उघडा करून देतो. मार्चपासून जूनपर्यंत उघडं पडलेलं काळं रान किती तापतं, ते अनवाणी चालून बघितलेल्याला सांगायला नको.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे हूसफील्ड नावाचं बार्लीचं शेत आहे. त्यातल्या एका तुकड्याला 1852 ते 1871 अशी वीस वर्षं हेक्टरी 35 टन शेणखत दिलं आणि मग कायमचं बंद केलं. शंभराहून अधिक वर्षांनंतरही, कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा तिथे कर्ब जास्त भरत होता. ही हकिगत वाचून आपल्याला हेवा वाटतो, पण ते गार हवेचं रान आहे. आपल्याकडची साक्ष अकोल्याची. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. तिथे शिफारशीची रासायनिक खतं आणि जोडीला दरवर्षी शेणखत मिळालेले तुकडे कर्बातही पुढे आहेत आणि उत्पादनातही. पण असं ठामपणे म्हणता यायला वर्षानुवर्षं जावी लागली. चार वर्षांत निकाल मागणं हे मातीच्या स्वभावात बसत नाही.

तुम्हाला माझा सल्ला दोन गोष्टींचा. पहिली : शेणखत चालू ठेवा, पण भुसकट आणि तुरीचा पाला रानाबाहेर जाऊ देऊ नका आणि रोटाव्हेटरची एक तरी पाळी वाचवा. सोयाबीनमध्ये तूर ठेवताय ते उत्तमच. तुरीची मुळं खोल जातात आणि मुळांतून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा जमिनीत जास्त टिकतो. दुसरी : पुढचा नमुना नीट घ्या. एप्रिल-मे महिन्यात, पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरून खालपर्यंत, ठरलेल्या खोलीइतकी, तासून काढा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करा. जस्ताचा मुलामा असलेली बादली नको, नाहीतर जस्ताचा आकडा फुगतो. माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. युरियाच्या रिकाम्या गोणीत कदापि नको. आणि या नमुन्यासोबत आणखी एक नमुना घ्या, त्याच वावराच्या जुन्या गवताळ बांधाचा. त्या बांधावर वर्षानुवर्षं नांगर फिरलेला नाही. तुमच्या मातीत, तुमच्या हवेत कर्ब कुठवर चढू शकतो, याचा अंदाज तो बांध देईल. 0.43 कमी की जास्त, हे पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा बांधाशी ताडून जास्त नीट कळतं.

प्रश्न : प्रयोगशाळेत न जाता मातीची तब्येत घरी बघता येते का? आमच्या शाळेत मुलांकडून काही करून घ्यायचं आहे.
(एक शिक्षिका, यवतमाळ)

उत्तर : येते, आणि मुलांना यात फार मजा येते. काचेच्या दोन बरण्या घ्या, दोन्ही पाण्याने भरा. वावरातलं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ आणि बांधावरचं तेवढंच ढेकूळ चहाच्या गाळणीत ठेवून एकाच वेळी पाण्यात सोडा. वावरातलं ढेकूळ बहुतेक बुडबुडे सोडत मिनिटाभरात भुगा होऊन गाळणीतून खाली उतरेल, पाणी गढूळ. बांधावरचं ढेकूळ गवताच्या बारीक मुळांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी बांधलेलं असतं, ते बराच वेळ तग धरतं. पहिल्या जोराच्या पावसात वावराचं नेमकं हेच होतं : कण फुटतात, फटी बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत जिरण्याऐवजी ओढ्याला जाऊन मिळतं. यवतमाळची काळी माती फुगणारी आहे, त्यामुळे कोरडं ढेकूळ तसंही लवकर फुटतं. म्हणून एकट्या ढेकळाचा निकाल देऊ नका, जोडी लावूनच बघा.

दुसरा प्रयोग पाणी मुरण्याचा. 15 सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा वाफसा असताना जमिनीत थोडा ठोकून बसवा, त्यात 450 मिलिलिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. हे पाणी म्हणजे साधारण एक इंच पाऊस. पहिल्यांदा जिरलं की लगेच दुसऱ्यांदा ओता, दुसरी वेळच खरी. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात हा प्रयोग करू नका, पाणी भेगेत गडप होईल आणि मुलं समजतील जमीन एक नंबर आहे.

कापसाच्या जिल्ह्यात तिसरा प्रयोग शोभूनच दिसेल. शंभर टक्के सुती कापडाचे सारखे तुकडे वेगवेगळ्या वावरांत वीत-वीतभर खोल पुरा, खुणेला काठी रोवा आणि दोन महिन्यांनी उकरा. माती जितकी जिवंत, तितकं कापड विरलेलं. तुकडे पुरताना ओलावा सारखा आहे ना एवढं बघा, कोरड्या रानात जिवाणूही गप्प बसतात.

प्रश्न : 'सेंद्रिय पदार्थ एक टक्का वाढवा, एकरी लाखभर लिटर जास्त पाणी धरा', असा संदेश फिरतोय. खरं आहे का?
(अनेक वाचक)

उत्तर : नाही. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी 2018 साली जगभरातल्या हजारो नमुन्यांचे आकडे एकत्र करून पाहिले. सेंद्रिय कर्ब एका टक्क्याने वाढला (जो आपल्याकडे वाढवायला एक आयुष्य पुरणार नाही) तर पिकाला मिळू शकणारं पाणी दर 100 मिलिमीटर मातीत सरासरी सव्वा मिलिमीटरही वाढत नाही. वरच्या 15 सेंटीमीटरच्या थराला हे लावलं तर एकरी सात हजार लिटर, म्हणजे एक टँकर. चिकण मातीत तर त्याहून कमी. कर्बाचा खरा फायदा पाणी धरण्यापेक्षा पाणी आत घेण्यात आहे. वरच्या बरण्यांचा प्रयोग तेच दाखवतो. फायदा खरा असताना तो फुगवून सांगायची गरज काय, हे मला कळलेलं नाही.

प्रश्न : कार्डावर पालाश 'भरपूर' आणि नत्र 'कमी' आलाय. दुकानदार म्हणतो पालाश टाकाच.
(वाशीम)

उत्तर : बहुतेक काळ्या जमिनींत पालाश मुळातच चांगला असतो. साधारण रीत अशी, की 'कमी'ला शिफारशीच्या सव्वापट आणि 'भरपूर'ला पाऊणपट मात्रा द्यावी. दुकानदाराला कार्ड दाखवा. आणि नत्र 'कमी' बघून युरियाचं पोतं वाढवू नका. बऱ्याच ठिकाणी नत्राची पायरी कर्बाच्या आकड्यावरूनच ठरवतात, त्यामुळे कर्ब कमी असलेल्या जवळपास प्रत्येक कार्डावर नत्र कमीच दिसतो.

प्रश्न : कर्जतकडे भात न नांगरता, चिखलणी न करता लावतात असं ऐकलं. त्याने हवामानाला काय फरक पडतो? आणि तणांचं काय करतात?
(एक वाचक, महाड)

उत्तर : तुम्ही ऐकलंय ते सगुणा पुनरुत्पादक तंत्र, अनेक जण नुसतं एसआरटी म्हणतात. रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ते बसवलं. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत बी टोकायचं आणि पुढे नांगर लावायचाच नाही. पीक जमिनीलगत कापायचं आणि मुळं तिथेच कुजू द्यायची. चिखलणी वाचते, लावणीची मजुरी वाचते, आणि कंबरेचा काटाही वाचतो.

हवामानाच्या बाजूने यात मोठी गोष्ट मिथेनची. भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की खालची हवा संपते आणि बिनहवेत जगणारे जीव मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेनची ऊब कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट. गादीवाफ्यावर माती सतत बुडालेली राहत नाही, म्हणून मिथेन घटायला वाव मिळतो. कर्बाबद्दल मात्र जरा सबुरीने घ्या. नांगरट थांबली की वरच्या चार बोटांत कर्ब पटकन वाढतो, पण खालच्या थरात तितका वाढत नाही, कधीकधी घटतोही. म्हणून अशा रानाचा नमुना 30 सेंटीमीटरपर्यंत घ्यावा. नाहीतर साय मोजून आपण दुधाचा भाव ठरवतो.

तणाचं उत्तर गोड नाही. मुळं न उपटता तण मारायचं म्हणून या पद्धतीत तणनाशक वापरतात, आणि सेंद्रियवाल्यांचा तिच्यावरचा मुख्य आक्षेप तोच आहे. आक्षेप रास्त आहे. पण कोकणातल्या तीव्र उतारावर चिखलणीने दर पावसाळ्यात माती वाहून जाते, तीही किंमत हिशोबात धरली पाहिजे. माझं मत विचाराल तर एका खाचरावर तीन हंगाम करून बघा, सगळी शेती एकदम त्यात घालू नका.

प्रश्न : गावात कार्बन क्रेडिटचे लोक आलेत. 'माती सुधारा, पैसे मिळवा' म्हणतात. करारावर सही करावी का?
(सोलापूर जिल्हा)

उत्तर : पहिल्या उत्तरातलाच हिशोब पुढे नेऊ. चांगल्या निगराणीत एकरी सत्तर-ऐंशी किलो कर्ब दरवर्षी साठला असं समजू. 1 टन कर्ब म्हणजे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड. तेव्हा ऐंशी किलोचे झाले सुमारे 300 किलो. टनाला हजार रुपये भाव धरला तरी एकरी वर्षाला तीनशे रुपये, आणि त्यातून मोजणी, पडताळणी आणि मधल्यांचा वाटा जाणार. बदल्यात रान कसं कसावं याचं बंधन किती वर्षांचं, खंडाने दिलं किंवा वाटणी झाली तर कोण जबाबदार, कर्ब पुन्हा घटला तर पैसे परत मागणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत, लेखी आणि करारातच मागा. ती दिली नाहीत तर सही करू नका.

यात हवामानाचं काम क्षुल्लक आहे असं मात्र समजू नका. डिसेंबर 2015 मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सने 'हजारी चार' असा संकल्प मांडला : जमिनीतला कर्ब दरवर्षी हजाराला चार या दराने वाढवायचा. तुमच्या एकरातल्या 4 टनांना हे माप लावलं तर वर्षाला फक्त 16 किलो. कार्डावर तो फरक दिसणारही नाही, पण पाचट न जाळणारा माणूस तेवढं सहज गाठेल.

आणि पैशाचंच म्हणाल तर युरियाकडे बघा. 45 किलोच्या पोत्यात साधारण 21 किलो नत्र. त्यातला एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतो, असं आंतरराष्ट्रीय हिशोबात धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. गुणाकार केला की एका पोत्यामागे जवळपास 90 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी ऊब. म्हणजे एकरी एक जादा पोतं वाचवलं की 24 किलो कर्ब मातीत गाडल्याचं काम होतं, तेही त्याच हंगामात. चिबडलेल्या रानात किंवा मोठ्या पावसाच्या तोंडावर युरिया फेकला तर हा वायू जास्तच उडतो. तेव्हा उसाला हप्ते पाडून द्या, वाफसा बघून द्या, आणि वाचलेल्या पोत्याचे पैसे खिशात टाका. त्यासाठी कोणाचा करार लागत नाही.

वाचकांना विनंती : मातीच्या अहवालाविषयी प्रश्न पाठवताना आकड्यांसोबत नमुना कोणत्या महिन्यात, किती खोलीवरून घेतला आणि त्याआधी शेवटचं खत कधी टाकलं होतं, एवढं जरूर कळवा. त्याशिवाय 0.43 या आकड्यावर काही बोलता येत नाही.